लोखंडाला काय कळतं?

लातूर जिल्ह्यातल्या एका वर्कशॉपवाल्या दादांनी विचारलंय: "मी खुरपी, विळे, सायकल कोळपी, टोकण यंत्रं बनवतो. बचत गटाच्या ताई म्हणतात, बायकांसाठी वेगळी अवजारं करा. डीलर म्हणतो, गुलाबी मूठ लावा, खपतील. पेपरात वाचलं की मोबाइलपासून गाडीपर्यंत सगळं पुरुषांच्या मापानं बनतं. मला हे शहरी खूळ वाटतं. धरणारा बाप्या आहे का बाई, हे लोखंडाला काय कळतं? असा भेद खरंच असतो का? आणि असेल तर मी नेमकं काय बदलू?"

दादा, लोखंडाला काही कळत नाही, हे मान्य. पण लोखंड कापायच्या आधी तुम्ही खडूनं खूण करता, आणि ती खूण कशावरून तरी करता. खुरप्याचा पहिला नग झाला की मूठ धरून बघता, स्वतःच्या हातात. बरोबर वाटली की तो नमुना पक्का, मग त्यावरून पाचशे नग. त्या पाचशेही मुठी तुमच्या तळहाताच्या झाल्या. तुमच्या मनात वाईट काहीच नव्हतं, तरी झाल्या.

मी या कामात सव्वीस वर्षं आहे. पहिली नऊ वाळूजच्या एका कारखान्यात, टूल रूममध्ये. नंतर परभणीत बस्तान बसवलं आणि अवजारं, स्वयंपाकघरं, शाळेची बाकं, जे येईल ते केलं. कारखान्यात रुजू झाले त्या दिवशी सेफ्टी शूज मिळाले ते सात नंबरचे. त्याहून लहान जोड स्टोअरमध्ये नव्हताच. वर्षभर दोन-दोन मोजे घालून चालले. तिथं प्रेसवर दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबावी लागायची, हात डायखाली, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याखाली, जाऊ नये म्हणून. बटणांमधलं अंतर इतकं की लाइनवरच्या दोन मुली एका बटणात लाकडाची पाचर ठोकून काम करायच्या. सुरक्षेच्या नावाखाली त्यांना मेमो मिळाला. बटणं होती तिथंच राहिली. चूक बटणांच्या मापात होती आणि मेमो मुलींना गेला, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं लागली, कारण तोवर मीही "नियम म्हणजे नियम" म्हणणाऱ्यांतलीच होते.

आमच्या धंद्यात एक जुना नियम आहे: हात पोचायचा असेल तिथं लहान माणूस धरायचा, अंग मावायचं असेल तिथं मोठा. दाराची चौकट उंच माणसासाठी, कडी बुटक्यासाठी. मळणी यंत्र घ्या. हात ड्रमपर्यंत जाऊ नये म्हणून पेंढी सारायची पन्हळ किमान ९० सेंमी लांब हवी असं भारतीय मानक सांगतं, आणि मळणी यंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदाही आहे. इथं लांब हाताचा माणूस धरला, ते बरोबरच. पण तीच पन्हळ जमिनीपासून किती उंच ठेवायची, हे ठरवताना बुटका माणूस धरायला हवा होता. सोयाबीनच्या दिवसांत शिवारात चक्कर मारा. पेंढ्या सारणारी बाई बऱ्याचदा विटांवर नाहीतर भरलेल्या पोत्यावर उभी असते. डुगडुगणाऱ्या पोत्यावर उभं राहायचं आणि समोर फिरता ड्रम. वर साडीचा पदर.

आपल्याकडं बाईची सरासरी उंची १५२ सेंमीच्या आसपास, पुरुषाची त्याहून बारा-तेरा सेंमी जास्त. म्हणजे अर्ध्या वितीहून मोठा फरक. हाताची ताकद पुरुषाच्या सरासरी दोन-तृतीयांशाच्या जवळपास. हे दोन आकडे वर्कशॉपच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

पण सरासरीवर फार भिस्त ठेवू नका. १९५० च्या सुमारास अमेरिकी हवाई दलानं ४,०६३ वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकानं त्यातली दहा मापं निवडली आणि दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती, ते मोजलं. एकही निघाला नाही. ते तर सगळे पुरुष, त्यातही निवडून घेतलेले. मग हवाई दलानं पुढं-मागं, वर-खाली सरकणाऱ्या खुर्च्या मागितल्या. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या खुर्चीत आहे. त्याकडं नंतर येते.

गाड्यांचं तुम्ही वाचलंत ते खरं आहे. टक्कर चाचणीत अनेक वर्षं जो मुख्य पुतळा बसवला जातो तो १९७६ मध्ये अमेरिकेत तयार झाला, सुमारे १७५ सेंमी उंच, ७८ किलोचा पुरुष. बाईचा म्हणून जो वापरतात तो याच पुरुषाला छोटा करून केलेला, जेमतेम दीडशे सेंमीचा. २०११ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी तपासल्या. सारख्याच टकरीत, पट्टा लावलेल्या बाई चालकाला गंभीर दुखापत होण्याची शक्यता पुरुषापेक्षा ४७ टक्के जास्त निघाली. सरासरी बाईच्या मापाचा, १६२ सेंमी आणि ६२ किलोचा पुतळा स्वीडनमध्ये २०२२ साली पुढं आला. ती सरासरी पाश्चात्त्य बायकांची. आपल्याकडची बाई त्याच्याही दहा सेंमी खाली. मोबाइल तळहातात न मावणं, ऑफिसातला एसी बायकांना गार लागणं, कुडत्याला खिसा नसणं, हे सगळं याच माळेतलं. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तुमच्या खुरप्याकडं जायचंय.

मी नव्या गावात गेले की आधी चिंधी शोधते. मुठीला गुंडाळलेली जुन्या पातळाची चिंधी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पट्ट्याला मारलेली गाठ, पायाखालची वीट. जिथं असं काही दिसतं तिथं वापरणारीनं आमची चूक स्वतः दुरुस्त करून घेतलेली असते. पाथरीकडच्या एका शेतात बारा जणी खुरपत होत्या, आठ जणींच्या मुठीला चिंधी. मला वाटलं मूठ जाड पडत असेल. एक मावशी हसल्या. "जाड न्हाई ओ ताई, बारीकच हाय. पर घाम आला की फिरती, मंग दाबून धरावं लागतंय. सांजंला मनगट दुखू लालंय." मूठ गोल गरगरीत होती, लेथवर झटपट होते तशी. अंडाकृती केली, फिरायची थांबली. जाडी मी ३० ते ३२ मिमी ठेवते. तुमच्या नमुन्याच्या फोटोत ती ३८ च्या पुढं वाटते.

दुसरी गोष्ट पात्याची मान. बसून खुरपताना पातं जमिनीला समांतर जायला हवं. मूठ आणि पातं एका रेषेत असलं तर मनगट खाली मोडून धरावं लागतं. दिवसातून काही हजार वेळा मोडलेलं मनगट म्हणजे काय, ते रात्री भाकरी थापताना कळतं. पात्याच्या मुठीत जाणाऱ्या शेपटीला बाक देऊन मूठ पात्याच्या पातळीहून वर उचला, मनगट सरळ राहील. यात लोखंड वाढत नाही, फक्त एक ठोका वाढतो.

आता माझं मुख्य म्हणणं. आपल्या भागात हा भेद मापात शिरतो तो बाजाराच्या वाटेनं. घेणारा वेगळा, वापरणारी वेगळी. कृषी सेवा केंद्रात खुरपं घ्यायला येतो तो घरातला पुरुष. तो ते उचलतो, हातात तोलतो, "दणकट आहे" म्हणतो आणि घेतो. त्याच्या हिशेबात वजन म्हणजे टिकाऊपणा. डीलर तुम्हाला सांगतो जड माल खपतो, तुम्ही जड करता. शेतात ते जिच्या हातात पडतं तिनं तक्रार केलीच, तर ती नवऱ्याकडं. तो म्हणतो, तुला सवय नाही. तक्रार चुलीपाशीच जिरते, तुमच्या ऐरणीपर्यंत येत नाही. तुम्हाला खरंच वाटतं की माल उत्तम आहे, कारण परत कुणी काही बोललंच नाही.

फवारणी पंपाचं तसंच. सोळा लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या वर जातो. पंचेचाळीस किलोच्या बाईच्या पाठीवर तो म्हणजे जवळपास निम्मं अंग. पट्टे इतके लांब की पंप पाठीऐवजी कमरेवर बसतो. बायका पट्ट्याला गाठ मारतात, पंप अर्धाच भरतात, दुप्पट खेपा करतात. आणि बऱ्याच घरांत बाई पंप घेतही नाही, ती औषधासाठी पाणी वाहते, मिसळते, दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या वावरात खुरपते. हातमोजे आणि मास्क कुणाला द्यायचे हे ठरवताना पंप पाठीवर असलेला माणूस तेवढा दिसतो. पोत्यांचंही बघा. २०१८ पासून युरियाची गोणी पन्नासची पंचेचाळीस किलोची झाली, पण ती खताचा वापर कमी व्हावा म्हणून. उचलणाऱ्याच्या कमरेचा विचार त्यात नव्हता.

घेणारा-वापरणारीची ही फारकत सगळ्यात मजेशीर दिसते ती स्वयंपाकघरात. तिथं तर जवळजवळ सगळा वेळ बाईच उभी असते, मग तिथलं माप तरी तिचं असावं ना? ओटा घालतो गवंडी, आणि उंची धरतो आपल्या कमरेची. नाहीतर शहरात बघितलेल्या मॉड्युलर किचनची, ३६ इंच. दीडशे सेंमी उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंमीवर येतं. चिरायला, मळायला ओटा कोपराच्या दहा-पंधरा सेंमी खाली हवा, म्हणजे ८० ते ८५. छत्तीस इंच म्हणजे ९१. त्यावर शेगडी बारा सेंमीची, तिच्यावर पातेलं. आता ढवळताना हात कुठं जातो बघा, कोपर जवळजवळ खांद्याच्या उंचीला येतं. शेगडीची जागा बाकी ओट्यापेक्षा चार बोटं खाली घ्यायला हवी. मी हे सुचवलं की गवंडी म्हणतो, "मॅडम, ग्रॅनाइटला पायरी चांगली दिसत नाही." कुणाला दिसायची आहे?

त्यातून आपली भाकरी. पोळी लाटायला उंच ओटा कसाबसा चालतो. ज्वारीची भाकरी थापायची तर वरून जोर यायला हवा, आणि काठवट छातीशी आली की जोर येत नाही. म्हणून जालना, बीड, परभणीकडच्या कित्येक नव्या घरांत मी एकच दृश्य बघितलंय. वर चकचकीत ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर पाण्याचं फिल्टर आणि देवाचं कॅलेंडर, आणि खाली फरशीवर शेगडी ठेवून घरातली बाई मांडी घालून भाकरी थापते आहे. शेजारीच सिलिंडर. गॅस हवेहून जड असतो, गळला तर जमिनीलगत पसरतो, म्हणून शेगडी सिलिंडरच्या वर असावी असं सांगतात. इथं उलटं. घरात लाखभराचं किचन आहे आणि भाकरी फरशीवर. विचारलं की तीच म्हणते, "मलाच उभ्यानं जमत नाही." स्वतःलाच दोष. सिलिंडरचं वजन तर काढायलाच नको, १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढ्याच वजनाची टाकी. संपतो तो भर दुपारी, घरात कुणी नसताना.

जुनं सगळं चांगलं होतं असं मात्र मी म्हणणार नाही. गावचा सुतार तिफण करायचा तेव्हा चाड्यावर मूठ कोण धरणार हे त्याला माहीत असायचं, त्या घरची बाई त्याच्या डोळ्यासमोरची. जात्याचा खुंटा हातात नीट बसायचा. पण पहाटे तीनला उठून दळायचं कुणी, हे जात्याला खुंटा बसवायच्या आधीच ठरलेलं होतं. माळवदाच्या वाड्यात शिरताच ढाळज लागते, वाऱ्याची, सावलीची, बाहेरचं सगळं दिसणारी. ती बाप्यांची. बायकांचं आतलं माजघर, अंधारं, एका झरोक्याचं. माप कुठंच चुकलेलं नव्हतं, वाटणीच तशी होती.

हातपंपाबद्दल तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण त्याचा एक धागा आपल्या जालन्यात आहे. पूर्वीचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पंप एका घरासाठी केलेले. अख्खं गाव दिवसभर त्यावर पडलं की मोडायचे. १९६० च्या दशकात जालन्यात मिशनच्या लोकांनी पोलादी पंप तयार केला, त्याला जालना पंपच म्हणत. पुढं सोलापूर पंप आला, आणि या अनुभवावर १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू उभा राहिला. टिकाऊपणात त्याला तोड नाही, इंजिनिअर म्हणून मी त्याला हात जोडते. आता माझा हिशेब बघा. आतल्या सिलिंडरचा व्यास ६३.५ मिमी, दांड्याची तरफ साधारण आठास एक. पाणी वीस मीटरवर असेल तर वर उचलायचा पाण्याचा खांब ६३ किलोचा, दांड्यावर आठेक किलो जोर. उन्हाळ्यात पाणी ४५ मीटरवर गेलं की खांब १४२ किलोचा, दांड्यावर अठरा किलो. आतल्या सळ्यांचं वजन जड दांडा तोलून घेतो असं धरूनही. पंधरा लिटरच्या एका हंड्याला चाळीसेक हेलकावे. एप्रिलमध्ये पंपावर कोण असतं? बारा वर्षांची पोरगी, दांड्याला अक्षरशः लोंबकळून. तिच्या वजनानं दांडा खाली येतो, हातांच्या ताकदीनं नाही.

त्याहून मोठी गोम दुरुस्तीत. मार्क टूचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात, तिवई लागते, चार गडी लागतात, तालुक्याची गाडी लागते. पंप बंद पडला की गाडी येईपर्यंत जी दोन किलोमीटर चालते तिला पाना धरायची परवानगीच नव्हती, डिझाइनमधून. पुढच्या मार्क थ्रीमध्ये उभा पाइप रुंद केला आणि दट्ट्या त्यातूनच वर काढता येऊ लागला, गावातल्या माणसांना, बायकांनाही, झेपेल असं. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा टँकरभोवती घागरींची रांग सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. रांगेतल्या घागरी कुणाच्या होत्या तेही दिसलंच असेल.

संडासाचं थोडक्यात सांगते. ग्रामीण भांड्याचा उतार मुद्दाम तीव्र ठेवलेला असतो, २५ ते २८ अंश, आणि पाण्याचा सापळा फक्त २० मिमीचा, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागतं. बारा हजारांच्या अनुदानात संडास बांधताना घरमालक दुकानात जातो आणि शहरी, सपाट, चकचकीत भांडं आणतो. त्याला अर्धी बादली लागते. ती बादली कुणाच्या डोक्यावरून येते, हे भांडं निवडणाऱ्याला आठवत नाही. आत साडी अडकवायला खुंटी नाही, महिन्याचे कपडे ठेवायला कोनाडा नाही. दोन्हीची किंमत पन्नास रुपये असेल.

गावचा पार, चावडी, बसस्थानक यांचंही माप असंच. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं आणि गाड्या बायकांनी भरल्या. पायरी मात्र तेवढीच उंच राहिली, एका हातात लेकरू, एका हातात पिशवी, आणि धरायचा दांडा डोक्यावर. स्थानकांवर लेकराला पाजायला हिरकणी कक्ष आहेत, चांगली गोष्ट आहे. एका ठिकाणी मला तो कुलूपबंद दिसला, किल्ली ज्यांच्याकडं होती ते साहेब जेवायला गेलेले. पुरुष आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला नकाशात चौरस फूट सारखे दिले की वरवर समता दिसते, पण तेवढ्याच जागेत मुताऱ्या जास्त बसतात आणि बाईला वेळही जास्त लागतो. रांग कुठं असते ते सांगायला नको. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांतून नाहीशा होतात, कारण एकच मोठं मैदान मुलं व्यापून टाकतात. १९९९ पासून तिथं काही बागांत मैदानाचे भाग पाडले, बसायच्या जागा, वाटा, वेगळे खेळ आणले, मुली परत आल्या. आपल्या पारावर हा प्रयोग कधी होईल कोण जाणे. तिथून जाताना बाई अजून पदर सावरून पावलं उचलते.

उसाच्या फडाबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. कोयता म्हणजे आपल्याकडं नवरा-बायकोची जोडी, उचल दोघांची मिळून एक. कोपीला, म्हणजे फडावरच्या झोपडीला, न्हाणी नाही, संडास नाही. मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रॉलीत चढायचं. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. याची कारणं मुकादमाच्या खाड्याच्या दंडापासून दवाखान्याच्या धंद्यापर्यंत जातात, सगळं डिझाइनवर ढकलणं खोटेपणा ठरेल. पण पाच-सहा महिने हजारो बायका जिथं राहणार, तिथं पाळी आलेली बाई आंघोळ कुठं करेल, हा प्रश्न जागा ठरवताना कुणीच विचारला नाही, हेही खोटं नाही.

कायद्याला साडी कधी दिसतच नाही, असंही नाही. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जो साडीगार्ड असतो तो १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमुळं. मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकलं पाहिजे, असं त्यात लिहिलंय. अडकू शकणारं कापड कुणाला तरी दिसलं, आणि एक लोखंडी जाळी लागली. तुमच्या मळणी यंत्राच्या आणि गिरणीच्या पट्ट्यावर अशीच जाळी कितीदा बघितलीत?

आता तुमचं काय करायचं. गुलाबी मूठ लावू नका. "बायकांचं" म्हटलं की घरातला पुरुष ते हातात धरणार नाही, दुकानदार ते खालच्या फळीवर ठेवेल, आणि त्याला हलक्या प्रतीचं समजून किंमत पाडून मागतील. रंग द्यायचाच तर लाल-भगवा द्या, गवतात हरवलेलं खुरपं पटकन सापडतं. वेगळं अवजार न करता मापं करा, चपलेसारखी. मुठीवर ठसा मारा, एक नंबर ३० मिमी, दोन नंबर ३५. छोट्या हाताचे पुरुषही पुष्कळ आहेत, तेही एक नंबर मागतील, आणि कुणाला लाज वाटणार नाही.

कोळप्याचा दांडा वैमानिकांच्या त्या खुर्चीसारखा खाली-वर होणारा करा. मूठ जमिनीपासून ८५ ते १०५ सेंमी, पाच-पाच सेंमीवर भोकं. पण नट-बोल्ट नको. मी ही चूक केलेली आहे. पाना नवऱ्याच्या मोटारसायकलच्या डिकीत असतो आणि मोटारसायकल तालुक्याला, मग पाच भोकांतलं एकच जन्मभर वापरलं जातं. साखळीनं बांधलेली खिट्टी लावा, हातानं निघेल अशी.

एक इशारा देऊन ठेवते. काम हलकं झालं की ते पुरुषाचं होतं, हे मी दहा वेळा पाहिलंय. सायकल कोळपं घरात आलं की नवरा स्वतः चालवतो आणि ते चांगलंच, पण मजुरीनं खुरपणाऱ्या चौघींचा रोज बुडतो. तणनाशकानं तर तो पार बुडवला. म्हणून गटाच्या ताईंना विचारताना "काय हलकं करू" एवढंच विचारू नका. कोणतं काम त्यांना सोडायचं नाही, तेही विचारा.

विचारायचं कसं, त्यावर सगळं अवलंबून आहे. सकाळी नवं अवजार हातात देऊन "कसंय?" म्हणालात तर सगळ्या "चांगलंय" म्हणतील, तुम्ही पाहुणे आहात. नवरे, सरपंच, डीलर आसपास नकोत. पूर्ण दिवस वापरू द्या, संध्याकाळीही विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जा आणि विचारा, रात्री कुठं दुखलं. त्याच्याही आधी गटाकडून दहा वापरलेली खुरपी मागून आणा, बदल्यात नवी द्या. ऐरणीवर ओळीनं मांडा. मूठ कुठं झिजलीय, पातं कोणत्या कडेला खाल्लंय, चिंधी किती वेढ्यांची आहे, ते मोजून घ्या. चिंधी सोडू नका, तशीच मला पाठवा.